मोजायचे ते कोणासाठी?

मुलांच्या परीक्षा घ्याव्यात की घेऊ नयेत, हा वाद आता जुना झाला. परीक्षा होत आल्या आहेत आणि पुढेही होतील. अवघड प्रश्न परीक्षा संपल्यावर उभा राहतो. उत्तरपत्रिकांतून निघालेले आकडे जिल्ह्याच्या ठिकाणी जमा होतात, त्यांवरून पुढील वर्षाची उद्दिष्टे ठरतात आणि ती गावोगावच्या शाळांकडे पाठवली जातात. हे आकडे कोणाच्या कामी यावेत? वरवर पाहता हा प्रश्न कारभाराचा वाटतो. मुळात तो नीतीचा आहे.

जळगाव जिल्ह्यातील जामनेर तालुक्यात, अजिंठ्याच्या वाटेवर, वाघूर नदीकाठी पहूर हे गाव आहे. भोवताली काळी जमीन आणि कापसाचे रान. दिवाळीच्या आगेमागे वेचणीला जोर येतो, तेव्हा गरिबाघरचे एखादे मूल आईबरोबर शेतात जाते, एखादे धाकट्या भावंडाला सांभाळत घरी राहते. आता राष्ट्रीय पातळीवरच्या सर्वेक्षणांच्या तारखा पाहाव्यात. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण २०१७ साली १३ नोव्हेंबरला आणि २०२१ साली १२ नोव्हेंबरला झाले. त्यानंतरचे ‘परख’ सर्वेक्षण २०२४ साली ४ डिसेंबरला झाले. तिन्ही तारखा वेचणीच्या दिवसांतल्या. ही चाचणी शाळेत होते आणि त्या दिवशी हजर असलेल्या मुलांचीच होते. जे मूल शेतात आहे, त्याचे अज्ञान जिल्ह्याच्या सरासरीत धरलेच जात नाही. म्हणजे सर्वांत मागे पडलेले मूल गैरहजर राहिले, तर जिल्ह्याचे चित्र किंचित उजळच दिसते. यात कोणी लबाडी केलेली नसते. तरीही सत्याचा एक कोपरा झाकलेला राहतो.

‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ सालापासून होत आलेल्या ‘असर’ पाहणीची वाट याहून वेगळी आहे. जिल्ह्यातील तीस गावे आणि प्रत्येक गावातील वीस घरे निवडून तिचे कार्यकर्ते मुलांच्या दारात जातात आणि दुसरीच्या पातळीचा सोपा उतारा वाचून घेतात. पाचवीतील अनेक मुलांना तो वाचता येत नाही, हे देशाला कळले ते या दारोदारच्या फेरीमुळे. तोवर ती मुले पटावर होती, वर्ग ओलांडत होती आणि कागदोपत्री शिकतही होती. म्हणून आकड्यांवर सरसकट राग धरणे बरोबर नाही. सुखवस्तू पालकाला आपले मूल कोठे अडले आहे हे आपणहून कळते. तो शिकवणी लावतो. ज्याच्या घरी वाचणारे कोणी नाही, त्या मुलाच्या बाजूने साक्ष देणारा बहुधा तो आकडाच असतो.

मात्र साक्षीदाराला आपण न्यायाधीश करून टाकतो आणि तेथून अनर्थाला आरंभ होतो. एक हिशेब मांडून पाहू. एखाद्या शाळेत चाळीस मुले आहेत, असे समजा. त्यांतील सव्वीस नीट वाचतात, सहा अडखळत शब्द जुळवतात आणि आठ जणांना अक्षरओळखही नाही. म्हणजे वाचणारी मुले शेकडा पासष्ट. वरून उद्दिष्ट आले की, वर्षअखेर हे प्रमाण पंचाहत्तर व्हावे. त्यासाठी हवी आहेत आणखी चारच मुले. दमलेला शिक्षक साहजिकच त्या सहांकडे वळेल, त्यांतील चौघांना तयार करील आणि उद्दिष्ट गाठेल. ती आठ मुले जेथे होती तेथेच राहतील. उलट, दुसऱ्या एखाद्या शिक्षिकेने वर्षभर त्या आठांजवळ बसून त्यांना शब्दवाचनापर्यंत आणले, तर तिचा आकडा पासष्टच राहील आणि तिला विचारणा होईल. पहिल्याचे कौतुक आणि दुसरीची झाडाझडती, असा न्याय जे उद्दिष्ट करते, ते हिशेबाने बिनचूक असले तरी नीतीने चुकलेलेच आहे.

हा धडा नवा नाही. इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने शाळांचे अनुदान वाचन, लेखन आणि गणित यांच्या निकालांशी जोडले गेले. शिकवण्याची जागा घोकंपट्टीने घेतली, आणि ती पद्धत त्या शतकाच्या अखेरीस मोडीत काढावी लागली. मुंबई इलाख्यातही निकालानुसार अनुदान देण्याची चाल आली होती. १८८२ साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी तिच्यावर नेमके बोट ठेवले. गरीब आणि शिक्षणाची गोडी न लागलेल्या लोकांसाठी ही पद्धत उपयोगाची नाही. अशा वस्तीत शाळा काढून कोणाही शिक्षकाचे पोट भरणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. निकालावर पैसा मिळू लागला की पैसा निकालाकडे जातो, गरजेकडे जात नाही, हे त्यांनी केव्हाच ओळखले होते.

तरीही जगाने तीच वाट पुन्हा धरली. अमेरिकेत २००२ सालच्या कायद्याने प्रत्येक शाळेला चाचण्यांतील वार्षिक प्रगतीचे बंधन घातले. पुढे अटलांटा शहरातील २००९ च्या चाचण्यांची चौकशी झाली. २०११ सालच्या अहवालानुसार, तपासलेल्या छपन्नपैकी चव्वेचाळीस शाळांत गैरप्रकार झाले होते आणि त्यांत १७८ शिक्षक व मुख्याध्यापकांचा हात होता. मुलांनी लिहिलेली चुकीची उत्तरे खोडून मोठ्यांनी बरोबर उत्तरे भरली होती. यात सर्वांत मोठी फसवणूक त्या मुलांची झाली. त्यांना मदतीची गरज आहे हे सांगणारा एकमेव कागदच पुसला गेला.

आपल्याकडे २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला. मागे राहिलेले मूल हुडकून त्याला हात द्यावा, हा पायाभूत चाचणीमागचा हेतू चांगलाच होता, आणि अनेक शिक्षकांनी तो मनापासून पाळला. पण शाळा ‘प्रगत’ म्हणून जाहीर होऊ लागल्या की, चाचणीचा कागद निदानाचा राहतो की प्रमाणपत्राचा होतो, हा प्रश्न उरतोच. वैद्याने ताप मोजावा तो औषध देण्यासाठी. ताप दिसला म्हणून दंड होणार असेल, तर घरोघरचे तापमापक एकाएकी निरोगी आकडे दाखवू लागतील.

मोजणीचा खरा धर्म खानदेशातील ठेलारी मेंढपाळाकडून शिकावा. संध्याकाळी तो कळप मोजतो. तो शंभर मोजतो म्हणूनच एक कमी आहे हे त्याला कळते. न मोजणारा मेंढपाळ दयाळू असला तरी हरवलेल्याच्या उपयोगाचा नाही. पण मोजून झाल्यावर ‘शेकडा नव्याण्णव’ म्हणून तो निजत नाही, कंदील घेऊन बाहेर पडतो. हा दृष्टांत आपल्या परिचयाचाच आहे. शेकडेवारी आणि शोध यांत फरक आहे तो इतकाच: एकीची नजर जमलेल्यांवर असते, दुसऱ्याची हरवलेल्यावर.

मग जिल्ह्याची उद्दिष्टे कशी असावीत? पहिले, ती तळापासून मोजावीत: सर्वांत मागच्या मुलांपैकी किती जण एक पायरी चढले, हे आधी विचारावे. दुसरे, निकालाशेजारी गैरहजर मुलांची संख्याही लिहावी. तिसरे, चूक उत्तराचा अर्थ उतावीळपणे लावू नये. या पट्ट्यात कोणाच्या घरी तावडी बोलली जाते, कोणाच्या अहिराणी, तांड्यावर गोरमाटी. चाचणी मात्र प्रमाण मराठीत असते. चुकले ते मूल की मधले भाषेचे अंतर, हे पाहावे लागेल. आणि चौथे, नमुना घेऊन केलेले सर्वेक्षण जिल्ह्याविषयी बोलते, एखाद्या शाळेविषयी नाही. म्हणून त्याचे पहिले उत्तर जिल्ह्याने द्यावे. रिकाम्या जागा भरल्या काय, प्रशिक्षण उपयोगी पडले काय, पुस्तके वेळेवर पोचली काय? मुलांना गुण देणाऱ्याने आपलीही उत्तरपत्रिका उघडी ठेवली पाहिजे.

यात आपल्यालाही वाटा आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या. आपण मात्र सभेत बहुधा आपल्या मुलाचे गुण विचारून घरी परततो. पुढच्या सभेत एवढेच विचारावे: या शाळेतील किती मुलांना अजून वाचता येत नाही, आणि त्यांच्यासाठी उद्यापासून काय करणार आहोत? ती मुले आपली नसतील, तर हा प्रश्न आपण विचारणे अधिकच अगत्याचे आहे. कारण त्यांचे आईवडील त्या वेळी कदाचित कापसाच्या शेतात असतील.