पुढच्या गुरुवारी येतीस न्हवं?

माझी भाची इथे बेळगावात मानसशास्त्रात एम.ए. करते. गेल्या वर्षी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून तिला दर गुरुवारी एका वृद्धाश्रमात जावं लागायचं. पहिल्या दिवशी ती म्हातारपणातलं नैराश्य तपासायची प्रश्नावली घेऊन गेली. पंधरा प्रश्न, उत्तर फक्त हो किंवा नाही. नववा प्रश्न असा, की बाहेर पडून काही नवीन करण्यापेक्षा तुम्हाला घरीच राहावंसं वाटतं का? समोरच्या आजी म्हणाल्या, ‘‘घर हाय कुठं गं? ते लिहितीस कशाला, बस की जरा.’’

भाचीने वही मिटली. घरी येऊन म्हणाली, ‘‘मावशी, चाचणी अर्धीच राहिली. पण मोजपट्टी कुठे संपते ते आज कळलं.’’

अशा शिकण्याला सर्व्हिस लर्निंग म्हणतात. आपल्याकडे राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तिचं ब्रीद ‘नॉट मी, बट यू’. सर्व्हिस लर्निंगमध्ये मात्र ‘मी’ लपवलेला नसतो. सेवेला वर्गातल्या अभ्यासाची जोड असते, नंतर बसून लिहायचं असतं, की काय पाहिलं, माझं काय चुकलं. विद्यार्थ्याला गुणही मिळतात.

मग प्रश्न पडतो, की आजी कोण? प्रयोगशाळेतलं साहित्य? माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये असं कांटने १७८५ साली मांडलं. त्यातला ‘केवळ’ हा शब्द महत्त्वाचा. एकमेकांच्या उपयोगी पडल्याशिवाय कुणाचं चालतं? आमच्याकडे अंतरंग तपांच्या यादीत वैयावृत्त्य, म्हणजे सेवा, आणि स्वाध्याय एकापाठोपाठ येतात. सेवा आधी, अभ्यास नंतर. आणि सेवा हे तप म्हटल्यावर करणाऱ्याचं भलं त्यात धरलेलंच आहे. म्हणून विद्यार्थ्याला लाभ होतो यात मला खटकत नाही. लाभ घेऊन वर उपकार केल्याचा आव आणणं, ते खटकतं.

‘यातून विद्यार्थी सक्षम होतात’ असं सगळेच म्हणतात. सक्षम म्हणजे काय? चारचौघांत बोलायचा धीर येतो, नोकरीच्या अर्जात एक ओळ वाढते, हे खरं. पण भाचीत मला दिसलं ते वेगळं. ऐकलेलं पोटात ठेवायला ती शिकली. आजींचं दुःख तिने आम्हालाही कधी सांगितलं नाही. एकदा आजी जेवेनाशा झाल्या, तेव्हा स्वतः डॉक्टर व्हायला न जाता तिने लगेच तिथल्या नर्सला आणि आपल्या बाईंना सांगितलं. आपलं सामर्थ्य कुठवर, हे कळणं हेच मोठं सामर्थ्य. पुस्तकात त्याचा धडा असतो, पण तो अंगी लागतो कुणासमोर तरी बसल्यावरच.

खरी परीक्षा सत्र संपताना आली. दर गुरुवारी निघताना आजी विचारायच्या, ‘‘पुढच्या गुरुवारी येतीस न्हवं?’’ आपण कधीपर्यंत येणार हे पहिल्याच दिवशी सांगा, असं बाईंनी बजावलं होतं. हिच्या तोंडून ते निघालं नव्हतं.

‘‘आता कसं सांगू, मावशी? न सांगताच जायचं बंद करू का?’’

‘‘त्यांनी तुला शिकवलं ना? मग गुरूला न सांगता शाळा सोडतात का?’’ मी म्हटलं.

ती गेली. तिने सांगायच्या आधीच आजी म्हणाल्या, ‘‘परीक्षा आली न्हवं तुझी? मागल्या वर्षी पण एक पोरगी येत होती.’’

त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी विभागात जाऊन तिने बाईंना विनंती केली, की नव्या मुलींना आम्हा जुन्या मुलींनी स्वतः नेऊन ओळख करून द्यावी, आणि निरोपाची तारीख आधीच सांगितली जावी. बाईंनी ते मान्य केलं.

तिच्या वहीला चांगले गुण मिळाले. आता ती महिन्यातून एकदा आजींकडे जाते, वही न घेता.