ठण आणि धप

विरारजवळच्या नंदाखाल गावातल्या एका वाडीतली ही गोष्ट. केळी आणि सोनचाफ्याच्या सावलीत एक घर होतं. संध्याकाळी पवित्र आत्मा चर्चची घंटा वाजायची, घरात प्रार्थना व्हायची आणि मग आजोबा काठी घेऊन अंगणात यायचे. अंगणात नातवाचा टेम्पो उभा असे, छोटा हत्ती. आजोबा त्याच्याभोवती एक फेरी मारत आणि चारही टायरांवर काठीचं टोक आपटत. ठण. ठण. ठण. ठण. चौथा आवाज ऐकला की म्हणत, "झोपा आता," आणि आत जात.

नातवाला हे म्हातारपणाचं वेड वाटे. पण त्या काठीमागे साठ वर्षांची सवय होती. तरुणपणी आजोबांनी बैलगाडी हाकली होती. रात्री कंदील लावून विरार स्टेशनपर्यंत केळी आणि भाजी न्यायची, पहाटेच्या गाडीने ती दादरला जायची. उन्हाळ्यात चाकाचं लाकूड सुकून आक्रसतं आणि त्यावरची लोखंडी धाव सैल होते. सैल धावेवर काठी मारली की आवाज फुटका येतो. तसा आवाज आला की आजोबा चाक काढून रात्रभर वाडीतल्या बावखलात, म्हणजे पावसाचं पाणी साठणाऱ्या खोल खड्ड्यात, बुडवून ठेवत. लाकूड पाणी पिऊन फुगे, धाव घट्ट बसे, आणि सकाळी काठीला पुन्हा खणखणीत उत्तर मिळे. बैलगाडी गेली, लोखंडाच्या जागी रबर आलं, पण काठी तीच राहिली.

नातू कष्टाळू होता. कर्ज काढून त्याने टेम्पो घेतला होता आणि आसपासच्या दहा-बारा वाड्यांचा माल तो दादरच्या बाजारात पोचवत असे. चार वर्षांत एकदाही त्याला उशीर झाला नव्हता. सोनचाफा उशीर सोसत नाही. पहाटे तजेलदार असलेलं फूल दुपारपर्यंत मान टाकतं. त्यामुळे लोक म्हणत, "याच्या गाडीत फूल टाकलं म्हणजे विकलं गेलंच." त्या शब्दांचा त्याला अभिमान होता, आणि तो असावा अशीच त्याची मेहनत होती.

गणपतीच्या दोन दिवस आधीची संध्याकाळ. पाऊस नुकताच थांबला होता. आजोबांनी फेरी सुरू केली. ठण. ठण. ठण. मागच्या डाव्या चाकाशी काठी आली आणि आवाज आला, धप.

आजोबांनी पुन्हा मारली. धप.

"बाळा, हे चाक बसतंय."

नातवाने वाकून पाहिलं. टायर थोडासाच पसरला होता. "हवा कमी झाली असेल, आजोबा. मारून आणतो."

नाक्यावरच्या पंक्चरवाल्याने हवा भरली आणि मग टायरवर साबणाचं पाणी ओतलं. रबराच्या एका खाचेतून बारीक बुडबुडा आला. फुटला. दुसरा आला.

"खिळा आहे. चाक खोलून अर्ध्या तासात देतो."

"आज नाही जमणार. दहा वाड्यांचा माल उचलायचाय. हवा धरेल ना सकाळपर्यंत?"

"धरेल असं मी म्हणणार नाही. निदान स्टेपनी लावून जा."

स्टेपनी! नातवाला आठवलं, महिन्यापूर्वी पंक्चर झालेली स्टेपनी तशीच मागे पडून होती. रोज उद्यावर गेली होती. तो म्हणाला, "आल्यावर दोन्ही करून घेतो," आणि गाडी घेऊन निघाला.

त्या रात्री माल नेहमीपेक्षा जास्त आला. सणाच्या तोंडावर नाही कुणाला म्हणायचं? पाऊण टनाच्या गाडीत केळीचे खुंट चढले, पानांचे भारे चढले, दुधी-पडवळाची पोती चढली. सगळ्यांत वर चाफ्याच्या टोपल्या. शेजारची मावशी आपल्या फुलांसोबत स्वतः येणार होती. सणाचा भाव तिला स्वतःच्या तोंडाने करायचा होता, कारण त्या पैशांतून लेकीची कॉलेजची फी भरायची होती. ती केबिनमध्ये बसली, मांडीवर एक टोपली घेऊन. अडीच वाजता गाडी निघाली.

बोळींज मागे पडलं तेव्हा नातवाला वाटलं, गाडीची शेपूट हलतेय. पुढचं चाक बसलं तर ते हाताला कळतं, स्टिअरिंग एका बाजूला ओढतं. मागचं चाक बसलं तर ते बसल्या जागी कळतं, खालून गाडी डुलते. त्याला कळलं. पण त्याने स्वतःला सांगितलं, खड्डे आहेत, पाऊस आहे, माल जास्त आहे. थोडं पुढे गेल्यावर जळक्या रबराचा वास आला. मावशी म्हणाली, "काहीतरी जळतंय रे."

"पुढच्या फाट्यावर पंक्चरवाला रात्रभर असतो, मावशी. चारच किलोमीटर राहिले."

चारच किलोमीटर! त्या चार किलोमीटरांत काय घडतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. भरलेल्या टायरची तळहाताएवढी जागा रस्त्याला टेकते. हवा उतरली की टायर पसरतो आणि त्याच्या बाजू दुमडतात. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ती बाजू दुमडते आणि सरळ होते. लोखंडी तार हातात धरून पुन्हा पुन्हा वाकवली तर ती आधी गरम होते, मग तुटते. टायरचं तसंच होतं. छोट्या हत्तीच्या लहान चाकाचे एका किलोमीटरला सहाशेच्या आसपास फेरे होतात. म्हणजे चार किलोमीटरांत जवळजवळ अडीच हजार घड्या, त्याही क्षमतेपेक्षा जास्त वजनाखाली. रबर तापतं, आतले धागे सुटतात, रिमची धार ट्यूब कापते, आणि शेवटी टायर रिमची साथ सोडतो. तोवर चाक फिरत असतं. फसवणूक होते ती इथेच: गाडी पुढे जात राहते, म्हणून माणसाला वाटतं की सगळं ठीक आहे.

विरारच्या रेल्वेवरच्या उड्डाणपुलाचा उतार लागला. समोर दुधाचे कॅन लावलेली एक सायकल होती. नातवाने ब्रेकवर पाय ठेवला आणि मागून कापड फाटावं तसा आवाज आला. गाडी डावीकडे कलली, रिम रस्त्यावर घासली, ठिणग्या उडाल्या. वर रचलेला माल एका अंगाला आला आणि त्याच्या वजनाने गाडी फिरली. सायकलवाल्याच्या कोपरापासून वीतभर अंतरावरून टेम्पो गेला आणि कठड्याला धडकून थांबला.

क्षणभर काहीच ऐकू येईना. मग मावशीचं कण्हणं ऐकू आलं. तिचा उजवा हात मनगटात मोडला होता. सायकलवाला रस्त्यातच उभा राहून थरथरत होता. आणि पुलाच्या उतारावर, पावसाच्या चिखलात, दूरपर्यंत सोनचाफा पसरला होता. सुगंध तसाच दरवळत होता. त्या वासाने नातवाला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी तो फाटका टायर घेऊन घरी आला. आजोबांनी तो अंगणात ठेवायला सांगितला आणि आत हात घातला. हात बाहेर आला तेव्हा तळव्यावर काळा भुगा होता, काजळासारखा बारीक. टायर आतून स्वतःलाच दळत गेला होता. रबरात रुतलेला खिळाही त्यांनी चिमटीत धरून ओढून काढला. करंगळीच्या नखाएवढा होता.

आजोबा रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "बाळा, एवढा माल कोण उचलत होतं?"

"टायर."

"टायर तर हा बघ, इथे पडलाय. रबर काल होतं तेवढंच आज आहे. मग आज का उचलवत नाही?"

नातू गप्प राहिला.

"माल हवा उचलत होती. रबर नुसतं तिला धरून ठेवत होतं. जी दिसत नाही, तीच ओझं वाहते."

आजोबांच्या या एका वाक्यात चाकाचा इतिहास आहे. १८८८ साली आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात डनलप नावाच्या माणसाने हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं. तो पेशाने गुरांचा डॉक्टर होता. आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला हादरे बसू नयेत म्हणून त्याने रबराच्या नळीत हवा कोंडली, आणि जगाचं ओझं लोखंडावरून हवेवर आलं. आपल्याकडे समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाल्यावर पुढच्याच वर्षी परिवहन खात्याला गाड्यांचे टायर तपासायला माणसं उभी करावी लागली. कोट्यवधींचा रस्ता, लाखांची गाडी, आणि जीव तोलून धरणारी हवा मात्र कुणी पाहिलेली नसते.

आजोबा उठले. "चल," म्हणाले, आणि नातवाला वाडीच्या कडेच्या बावखलापाशी घेऊन गेले. पावसाने ते तुडुंब भरलं होतं.

"समुद्र इथून किती लांब आहे? अर्नाळ्याची लाट रात्री ऐकू येते. तरी आपल्या विहिरीचं पाणी गोड का?"

"बावखलामुळे, म्हणता तुम्ही."

"पावसाचं गोडं पाणी यातून जमिनीत मुरतं आणि खालून येणाऱ्या खाऱ्या पाण्याला रेटून धरतं. तेही दिसत नाही. लोकांना वाटलं, खड्डाच आहे, बुजवला तर काय झालं? कुणी भराव टाकला, कुणी पंप लावून टँकर भरले. पहिल्या वर्षी काही झालं नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. मग एक दिवस विहिरीचं पाणी तोंडात घेतलं तर खारट. आपल्याच गावचे फादर दिब्रिटो हरित वसई चळवळीत लोकांना घेऊन रस्त्यावर उतरले, ते याचसाठी. आतला रेटा संपला की बाहेरचं आत येतंच. मग ते चाक असो, विहीर असो की माणूस."

नातू पाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मला लोकांचा शब्द पाळायचा होता, आजोबा. उशीर होऊ द्यायचा नव्हता."

"मला माहीत आहे. वाईट माणसाची गाडी आदळली असती तर मी इथवर आलोच नसतो. पण मोज. चाकाने तुला किती वेळा हाक मारली?"

नातवाने बोटांवर मोजलं. काठीचा आवाज. साबणाचा बुडबुडा. हललेली शेपूट. जळका वास. "चार वेळा."

"आणि प्रत्येक वेळी थांबायची किंमत वाढत गेली. अंगणात थांबला असतास तर अर्धा तास गेला असता. बोळींजला थांबला असतास तर एक टायर गेला असता आणि थोडी फुलं. पुलावर तू थांबला नाहीस, थांबवला गेलास, आणि किंमत मावशीच्या हाताने मोजली. चौघांच्या भरवशाची वस्तू घेऊन जाणाऱ्याला 'चालतंय तोवर चालवू' म्हणण्याचा हक्क नसतो."

त्या संध्याकाळी नातू मावशीच्या घरी गेला. माफी मागितली, दवाखान्याचा खर्च आणि फुलांचे पैसे दिले, लेकीच्या फीचा पहिला हप्ता भरला. दहा वाड्यांच्या दारात जाऊन त्याने झालेली चूक जशीच्या तशी सांगितली. ज्यांचं नुकसान झालं त्यांचे पैसे फेडायला त्याला वर्ष लागलं. त्या वर्षात लोकांनी त्याच्या गाडीत पुन्हा माल टाकायला सुरुवात केली, कारण गाडीत किती माल चढणार आणि कधी 'आता बास' म्हणणार, हे तो आधीच सांगू लागला होता.

पुढे आजोबांना अंगणात उतरणं जमेना. ते ओट्यावर बसून राहत. घंटा वाजली की नातू काठी घेई आणि गाडीभोवती फिरे. आजोबा डोळे मिटून मोजत. पूर्वी चार आवाज येत, आता पाच येऊ लागले. पहिला आवाज स्टेपनीचा असे.

पाचवा ठण झाला की ओट्यावरून आवाज येई, "झोपा आता."

बोध: जे आपलं ओझं वाहतं ते बहुधा दिसत नाही, म्हणून त्याची विचारपूस रोज करावी. उतरलेलं चाकही काही अंतर फिरतं. त्या फिरण्याला चालणं समजू नये, आणि पहिल्या हाकेला थांबण्यात कमीपणा मानू नये.