आधी खालून, मग वरून

मापाने गोल्फ क्लब बांधणाऱ्या कारागिराकडे शाफ्ट, म्हणजे क्लबचा दांडा, येतो तो हवा त्यापेक्षा लांब. खालचं टोक बारीक, तिथे क्लबचं डोकं बसतं; वरचं जाड, तिथे मूठ. वरून अर्धा इंच कापला तर क्लब आखूड होतो आणि डोकं हाताला हलकं लागतं. खालून तेवढाच कापला तर शाफ्ट ताठ होतो, चेंडू सहसा कमी उंच उडतो. वरची चूक निस्तरता येते. पोकळ नळीत जोड घालून लांबी परत मिळते. खालची मात्र कायमची.

आणि काप आधी द्यायचा तो खालीच! वरची लांबी डोकं बसवल्यावर, शेवटी.

कापायचं कुणाच्या मापाने? आज मोजलेला स्विंग, म्हणजे क्लब फिरवण्याची लकब, मंगळवारचा, रात्री नीट झोपलेल्या माणसाचा. पाच वर्षांनी खांदा आखडेल. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला दिव्याचा दाखला देतो: पहिल्या प्रहरीची ज्योत आणि शेवटच्या प्रहरीची ज्योत एकच का? एकच म्हणवत नाही, वेगळीही म्हणवत नाही. शाफ्ट कापणाऱ्याला मात्र एका प्रहराची ज्योत धरूनच कात्री लावावी लागते.

हिकरी लाकडाच्या शाफ्टच्या काळात हे काम खरवडून, घासून चाले. अमेरिकेत पोलादी शाफ्टना १९२४ साली मान्यता मिळाली, ब्रिटनमध्ये १९२९ साली. तरीही गोल्फपटू बॉबी जोन्सने १९३० मध्ये त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा हिकरीच्याच क्लबांनी जिंकल्या. खरवडलेलं लाकूडही परत चिकटत नाही, हे वेगळं सांगायला नको.

आजच्या काळातल्या ब्रायसन डीशॅम्बो या गोल्फपटूने प्रश्न उलटाच केला. आयर्न, म्हणजे धातूच्या पात्याचे क्लब, एरवी क्रमाने साधारण अर्ध्या अर्ध्या इंचाने आखूड होत जातात. त्याने सगळे सुमारे साडेसदतीस इंचांचे ठेवले. प्रत्येक फटक्याला तोच पवित्रा, चेंडूपासून तेच अंतर. माणूस स्थिर केला की हत्याराचा प्रश्न मिटला, असा हा हिशेब. पण याच माणसाने २०२० साली व्यायाम आणि खुराकाने अंग भरून स्विंगचा वेग वाढवला आणि त्याच वर्षी विंग्ड फूटच्या मैदानावर यूएस ओपन जिंकली. आयर्नची लांबी तीच राहिली, ते धरणारा देह बदलला. नागसेनाला याचं नवल वाटलं नसतं.

म्हणून सावध कारागीर खालून कापताना हात आखडता घेतो. पाव इंच कमीच कापतो, डोकं चिकटवतो, गिऱ्हाइकाला काही चेंडू मारायला लावतो. शाफ्ट अजून लवचीक वाटला तर इपॉक्सी तापवून डोकं उपटतो आणि पुन्हा टेपने खूण करतो. त्यात गेलेली लांबी वरच्या जोडाने भरून काढतो.