नंबर कितवा?

एप्रिल 2016. मांजरा धरण आटलं होतं. पाण्यावरून मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून लातुरात पाणी भरायच्या ठिकाणी मार्चातच 144 कलम लागलं होतं. अशा दिवसांत अण्णांच्या बोअरला पाणी होतं. टँकर दारात उभे राहत आणि अण्णा दर आठवड्याला भाव चढवत.

"पोलीस नाही ना यायचे?" बायकोनं विचारलं, तेव्हा त्यांनी नांदेडला वकिली शिकणाऱ्या भाच्याला फोन लावला.

"मामा, 1955 चा जीवनावश्यक वस्तूंचा कायदा आहे, सात वर्षांपर्यंत कैद आहे. पण यादीत औषधं, खतं, धान्य, डिझेल. टँकरच्या पाण्याचं नाव नाही."

अण्णा निर्धास्त झाले. यादीत सरकारला भर घालता येते. पुढं कोरोनात, 13 मार्च 2020 ला, मास्क आणि सॅनिटायझर तिच्यात आले आणि आठवड्याभरात तीनपदरी मास्क दहा रुपयांच्या वर विकायचा नाही असं ठरलं. लातूरच्या तहानेला तसा मुहूर्त लागला नव्हता.

रात्रंदिवस चालवलेली मोटार जळाली. रिवाइंडिंगच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती.

"भाव नेहमीचाच हाय अण्णा. नंबर दहावा."

"दुप्पट घे, पण आजच दे."

"घेतो की. मागं कुणाला सारू, तेवढं सांगा." त्यानं पायाजवळच्या मोटारीकडे बोट केलं. "ही तुमच्याच गल्लीच्या बोअरची. वर्गणी काढून आणलीय. हिला सारू?"

'सार' हा शब्द अण्णांच्या ओठांवर आला होता. कारागीर खरंच उत्तराची वाट बघत होता, म्हणून शब्द बाहेर पडला नाही.

12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. एवढ्या शहराला ते किती पुरणार! पुढं गल्लीत टँकर आला तेव्हा अण्णाही घागरी घेऊन उभे राहिले. कुणी टोमणा मारला नाही, कुणी पुढंही घेतलं नाही. इतरांइतकंच पाणी त्यांना मिळालं.

मोटार दुरुस्त होऊन आली. अण्णांनी भाव पार जुना केला नाही, उतरवला मात्र बराच. पहिल्याच सकाळी एक टँकरवाला रांग मोडून पुढं आला. "अण्णा, लॉजवाला दुप्पट देतो म्हणायलाय. आधी आमचा भरा."

अण्णांनी पाइप हातात धरला आणि विचारलं, "नंबर कितवा?"