रिकामा गळ

कागल पंचतारांकित एमआयडीसीतील कारखान्यास सुटी मिळताच आम्ही मुलाबाळांसह दूधगंगेकाठी राहुटी ठोकली. दोन दिवस गळ टाकिले. एकही मासा लागला नाही. धाकट्याने पाण्यात खडे टाकिले होते. दोष त्याचाच, असे म्हणून आम्ही त्यास रागे भरलो. तो उपाशीच निजला.

योहानाच्या 21व्या अध्यायात शिष्यांचीही रात्र व्यर्थ गेली. प्रभूने रिकाम्या हातांबद्दल त्यांस दोष दिला नाही. पुढे जाळ्यात 153 मासे आले खरे. परंतु ते काठावर उतरले, तो निखाऱ्यांवर मासळी व जवळ भाकर आधीच तयार होती.

पहाटे आम्ही चूल पेटविली, मुलास उठवून क्षमा मागितली व पहिली भाकरी त्याच्या हाती दिली. बंधूंनो, आपल्या रागामुळे आज घरी कोणी उपाशी निजले आहे काय?