माझे म्हणजे कोणाचे?

प्रश्न लहान होता आणि तो विचारलाही अगदी सहज गेला. माझी नात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. अर्थशास्त्र हा तिचा विषय. वर्षअखेरीला एक छोटा प्रबंध लिहून विद्यापीठाला सादर करावा लागतो. त्यासाठी हल्ली कोठे जावे लागत नाही. घरी बसून संगणकावरूनच तो पाठवायचा असतो. त्या दिवशी दुपारी ती माझ्या टेबलाशी येऊन बसली होती, कारण आमच्या घरात इंटरनेट त्यातल्या त्यात तेथेच बरे चालते. संध्याकाळी पाच वाजता मुदत संपणार होती. नाव, आसनक्रमांक, मार्गदर्शकांचे नाव, शीर्षक, सारे भरून झाले. फाइल अपलोड झाली. आणि शेवटी पडद्यावर एक रिकामी चौकट आली. तिच्यापुढे तीन-चार ओळींचा मजकूर होता. चौकटीत खूण केल्याशिवाय ‘सबमिट’चे बटण दाबता येत नव्हते.

“काय लिहिलंय तिथे?” मी विचारले.

“काही नाही हो आजोबा. नेहमीचंच असतं.”

“तरी वाच की.”

तिने वाचले. हा प्रबंध म्हणजे माझे स्वतःचे काम आहे, दुसऱ्याचे जे घेतले त्याचा त्या त्या ठिकाणी निर्देश केला आहे, असे मी प्रतिज्ञेवर सांगते, असा त्याचा आशय होता. वाचून ती हसली. पण तिचा हात थांबला. मग म्हणाली, “आजोबा, माझं म्हणजे नक्की किती माझं?”

मी पस्तीस वर्षे महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवले. या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ तयार असावयास हवे होते. ते नव्हते, आणि का नव्हते, तेही मला ठाऊक होते.

यंत्राने आपले उत्तर आधीच दिले होते. महाविद्यालयाने प्रबंध साम्य तपासणाऱ्या एका प्रणालीतून काढला होता आणि आकडा आला होता ९ टक्के. विद्यापीठ अनुदान आयोगाने वाङ्मयचौर्याला आळा घालण्यासाठी २०१८ साली विनियम केले. त्यांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. ४० टक्क्यांपर्यंत असेल तर सुधारून पुन्हा द्यावयाचे. ६० पर्यंत असेल तर एक वर्ष थांबावयाचे. आणि त्याहून अधिक असेल तर नोंदणीच रद्द. हे विनियम खरे पाहता पदव्युत्तर आणि संशोधनाच्या पदव्यांसाठी आहेत. पण वरच्या मजल्यावरचे पाणी खाली झिरपतेच. आमच्या वेळी मुलांच्या तोंडी ‘फर्स्ट क्लास’ असे; आज ‘दहाच्या आत’ असते.

या यंत्रावर राग काढणारे पुष्कळ भेटतात. पण ते काय करते ते आधी समजून घेतले पाहिजे. मजकुराचे लहान लहान तुकडे पाडून ते आपल्या साठ्यातल्या मजकुराशी, म्हणजे नियतकालिकांतल्या, संकेतस्थळांवरच्या आणि आधीच्या विद्यार्थ्यांच्या लेखनाशी, ताडून पाहते. जुळले तेथे रंग लावते. चोरी झाली असे ते म्हणत नाही. साम्य आहे एवढेच म्हणते. पुढचा न्याय माणसाने करावयाचा. नातीच्या नऊ टक्क्यांत होते तरी काय? संस्थांची नावे, एक पाठ्यपुस्तकी व्याख्या, प्रश्नावलीतली ठराविक वाक्ये. आणि गंमत अशी की, प्रबंधाच्या आरंभी जोडलेले प्रतिज्ञापत्र! ‘हे सारे माझे स्वतःचे आहे’ हे वाक्य सगळ्यांच्या प्रबंधांत अक्षरशः सारखे असते.

उलट, जेथे रंग लागला नाही ते सारे आपले, असेही म्हणता येत नाही. २०२२ च्या अखेरीपासून सांगाल त्या विषयावर लिहून देणारी यंत्रे घरोघर आली आहेत. त्यांचा मजकूर बहुधा त्याच शब्दांत पूर्वी कोठे छापलेला नसतो. म्हणजे ज्या लेखनात विद्यार्थ्याचे काहीच नाही त्याचे साम्य शून्याजवळ येऊ शकते. असे लेखन हुडकणारी यंत्रेही निघाली आहेत, पण त्यांचे म्हणणे हा शेवटी एक अंदाज असतो.

नातीने त्या यंत्राकडून काही लिहून घेतले नव्हते. तिची अडचण निराळी होती. तिचा विषय घरकाम करणाऱ्या बायकांच्या भिशीचा. दरमहा प्रत्येकीने ठरलेली रक्कम द्यावयाची, चिठ्ठी काढावयाची, जिचे नाव निघेल तिने ती सारी रक्कम न्यावयाची. पुस्तके याला बचतीचा आणि कर्जाचा एक प्रकार म्हणतात. पण आमच्याकडे धुणेभांडी करणाऱ्या मावशींनी तिला एकदा ओट्याशी उभ्या उभ्या सांगितले होते, “भिशी साठवायला नव्हं पोरी. हातात पैसा असला आन् घरच्यानं मागितला, तर न्हाई म्हनता येत न्हाई. म्हनलं तर खोटं. भिशीत घातला की न्हाई म्हनायचं ते खरं हुतं.” प्रबंधाचे चौथे प्रकरण या बोलण्यावर उभे होते. नातीने ते इंग्रजीत नीट मांडले होते, चाळीस बायकांना विचारून पडताळले होते, तक्ते काढले होते. त्या प्रकरणावर रंगाचा ठिपकाही नव्हता; कारण मावशींचे बोलणे जगातल्या कोणत्याच साठ्यात नव्हते. ऋणनिर्देशात ‘सर्व महिलांच्या सहकार्याबद्दल आभार’ एवढी ओळ मात्र होती.

“काम मी केलं,” ती म्हणाली, “पण सुचलं मला नाही.”

तेव्हा मी तिला एक गोष्ट सांगितली. घरात ती मी कोणालाच सांगितलेली नव्हती.

१९७२ च्या दुष्काळानंतरचा तो उन्हाळा. १९७३ च्या त्या दिवसांत महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे राबत होती. मी एम.ए.चा विद्यार्थी होतो आणि प्रबंधासाठी आटपाडीच्या बाजूला एका पाझर तलावाच्या कामावर पंधरा दिवस जाऊन राहिलो होतो. मिलोची तांबडी भाकरी आणि सुकडी यांवर माणसे दिवस काढीत होती. तेथे एक तरुण हजेरी-कारकून होता. सरकारी हजेरीपट संपला की रात्री कंदिलाशी बसून तो आपल्या दोन खासगी वह्या भरी. कोणत्या कुटुंबात माणसे किती, त्यांनी किती खोदले, हाती काय पडले, हे सारे त्यांत होते. त्याच्या ध्यानात आले होते की, मजुरी मोजमापावर असल्यामुळे धडधाकट माणसे आपापली टोळी करतात. विधवेला, म्हाताऱ्याला, अंगावर पाजणाऱ्या बाईला कोणी टोळीत घेत नाही. म्हणून दर सर्वांना सारखा असूनही मजुरी सारखी पडत नाही. त्याने त्या वह्या मला दिल्या. मी त्या उतरवून घेतल्या आणि पोस्टाने परत पाठवल्या. माझ्या प्रबंधाचे तिसरे प्रकरण म्हणजे त्या दोन वह्या. परीक्षकांनी त्याच प्रकरणाची वाखाणणी केली आणि पुढे त्या प्रबंधाने मला नोकरी मिळवून दिली.

ऋणनिर्देशात मार्गदर्शकांचे नाव होते, ग्रंथपालांचे होते, टंकलेखकाचेदेखील होते. त्याचे नव्हते. सरकारी नोकर आहे, खासगी वह्या ठेवल्याबद्दल बिचाऱ्यावर बालंट यावयाचे, असे मी स्वतःला सांगितले. हे कारण खोटे नव्हते; म्हणूनच ते इतके सोयीचे होते. मी त्याला विचारले मात्र नाही. विचारले असते तर तो ‘घाला की नाव’ म्हणेल, अशी मला भीती होती.

दहा-बारा वर्षांनी मिरजेच्या बसस्थानकावर तो अचानक भेटला. आनंदाने म्हणाला, “प्रबंध झाला ना? वह्या उपयोगी पडल्या का हो?” मी म्हटले, “पुष्कळ.” चहाचे पैसे त्याने दिले.

म्हणून संगणकामुळे शपथ स्वस्त झाली असे कोणी म्हणू लागले की मी गप्प बसतो. आमच्या वेळी प्रबंध कार्बन घालून टंकलिखित करीत, काळ्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरे काढून घेत, एस.टी.ने विद्यापीठाच्या गावी नेऊन देत. कारकून जेवायला गेलेला असे. तो आल्यावर प्रती मोजी आणि शिक्का मारी. नातीला हे काही करावे लागले नाही, आणि तिला मिळणारी पोच कोणाच्या मर्जीवर अवलंबून नव्हती. यात तिचे काही बिघडले असे मला वाटत नाही. प्रतिज्ञापत्रावर मी खऱ्या शाईने, खऱ्या माणसासमोर सही केली होती. ती वाचणारे तेव्हाही कोणी नव्हते. सही करताना माझा हात अडखळला नाही.

नात बराच वेळ काही बोलली नाही. मग उठली आणि म्हणाली, “मावशींना विचारते.”

तिने फोन लावला. मी पलीकडचे बोलणे ऐकत होतो. “माझं नाव? लिव की,” मावशी म्हणाल्या. “पर आडनाव नको, आन् माझा नंबर कंच्या म्हयन्यात लागला ते तर अजिबात नको. आन् हे बघ, ते काय मी काडलेलं न्हाई. माझी सासू म्हनायची.”

माझ्या अंगावर काटा आला. ज्या प्रतिज्ञेशी आम्ही आजा-नात दुपारभर झगडत होतो ती या बाईने कोणी न मागता पुरी केली होती. आणि नवल तरी कसले? ‘नाही’ हा एक शब्द खरा राहावा म्हणून जी दरमहा कमाईतला हिस्सा बाजूला काढते, तिला खऱ्याची किंमत आपल्याहून अधिक ठाऊक असणार.

पण येथे बुद्धी एक शंका काढते. मावशींचे ते सासूचे, सासूचे कोणाचे? असे मागे मागे गेले तर जगात कोणाचेच काही उरणार नाही, आणि मग प्रतिज्ञा करणेही खोटे आणि न करणेही व्यर्थ. ही शंका खरी आहे. पण चोराच्या फार उपयोगी पडणारी आहे. सगळेच सगळ्यांचे आहे, असे म्हणून माणसाला वह्याही पचवता येतात.

आपल्या मराठीत या प्रश्नाची दुसरी बाजूही पूर्वी घडून गेली आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि त्यात पुढे कोणी आपली ओवी घालू नये असे बजावून ठेवले. म्हणजे तेव्हाची भीती उलटी होती! दुसऱ्याचे आपल्या नावावर खपवण्याऐवजी आपले दुसऱ्याच्या नावावर खपवणारी माणसे होती. ती लोभी नव्हती. कदाचित भाविकही असतील. तरीही नाथांना ते चालले नाही. का? तर कोणते कोणाचे हे पुढच्या वाचकाला कळेनासे होते म्हणून. ज्ञानेश्वरीच्या शेवटी शके १२१२ हे वर्ष आहे आणि लेखनिक म्हणून सच्चिदानंदबाबांचे नाव आहे. ज्याने नुसते लिहून घेतले त्याचीही तेथे आठवण ठेवली आहे.

यावरून मला असे वाटू लागले आहे की, ‘हे माझे आहे’ या वाक्याचा अर्थ आपण चुकीचा घेतो. जमीन माझी, घर माझे, तसे विचार माझे असे आपण म्हणतो, आणि मग शेजाऱ्याची बांधावरची खूण दिसली की अस्वस्थ होतो. प्रबंधाच्या बाबतीत ‘माझे’ याचा अर्थ एवढाच असावा, की याचा जबाब मी देईन. यात कोठून काय आले ते मला विचारा. मला ठाऊक आहे तेथपर्यंत मी सांगेन, आणि चुकले असेल तर ती चूक माझी. ऋषिऋण टळत नाही हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी ते नाकारावयास सांगितले नाही, अध्ययन करून फेडावयास सांगितले. वाट मूळ उगमापर्यंत शोधून काढणे कोणालाच शक्य नाही. पण आपल्यापाशी आलेली वाट आपणच बुजवू नये, एवढे प्रत्येकाला शक्य आहे.

नातीने चौथ्या प्रकरणात, जेथे तो विचार प्रथम येतो तेथेच, दोन वाक्ये घातली: हे मावशींनी सांगितले, आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्या सासूबाई असे म्हणत. आडनाव घातले नाही, महिना घातला नाही. नवी फाइल अपलोड झाली तेव्हा पाचाला अकरा मिनिटे कमी होती. तिने चौकटीत खूण केली. पडद्यावर एक क्रमांक आला, दिनांक आला, वेळ आली, आणि खाली एक सूचना: सादर केलेल्या प्रबंधात आता बदल करता येणार नाही.

ती सूचना मला ओळखीची आहे. नोकरीतून निवृत्त झाल्यावर एकदा मी ग्रंथालयात जाऊन माझा जुना प्रबंध काढायला लावला होता. तिसऱ्या प्रकरणात एक चिठ्ठी डकवू द्या, अशी मी विनंती केली. ग्रंथपाल सभ्य गृहस्थ होते. ते म्हणाले, “सर, दाखल झालेल्या प्रतीत काही जोडायची सोय नाही.” त्यांचे बरोबरच होते. त्या आधीच तो कारकून वारल्याचे माझ्या कानी आले होते.

म्हणून ती चिठ्ठी येथे लिहितो. १९७३ साली मी सादर केलेल्या प्रबंधाचे तिसरे प्रकरण माझे नाही. ते आटपाडीच्या बाजूच्या एका पाझर तलावावरील हजेरी-कारकुनाचे आहे. त्याचे नाव आजही मी लिहिलेले नाही. त्याचा मुलगा सांगलीला असतो असे कळले आहे. या वेळी मी आधी विचारणार आहे.