पैजेच्या अटी

शास्त्रपाठ : शास्ते 14:5-20

शमशोनाने विवाहाच्या मेजवानीत तीस सोबत्यांपुढे कोड्याची पैज मांडली. तिच्या अटी रेखीव होत्या : मुदत सात दिवसांची, जो हरेल त्याने तीस तागाची वस्त्रे व तीस पोशाख द्यावेत. दंड दोहोंकडे सारखाच. मग अन्याय कोठे होता? तो कोड्यात होता. सिंहाच्या सांगाड्यातील मधाची गोष्ट शमशोनाने आपल्या आईबापांनाही सांगितली नव्हती. अटी समान होत्या. ज्ञान मात्र एकट्याजवळ होते.

2000 साली ब्रिटनमध्ये बेटफेअर हे संकेतस्थळ सुरू झाले. अमुक घोडा जिंकेल किंवा हरेल असे म्हणून तेथे कोणीही आपला भाव व रक्कम मांडतो. अनोळखी माणसाने ती स्वीकारली की पैज पक्की होते. जिंकणाऱ्याच्या नफ्यातून संकेतस्थळ दलाली घेते. अटी उघड, सक्ती कोणावर नाही. मग यात पाप कोणते, असे आपले तरुण विचारतात. हा प्रश्न झिडकारू नये.

व्यापारात घेणारा व देणारा दोघेही संतोषाने घरी जाऊ शकतात. पैजेत शेजाऱ्याची हानी झाल्याशिवाय माझा लाभ होतच नाही. अट लिहितानाच मी त्याची हानी इच्छीत असतो. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा तेथेच मोडते.

आणि शमशोनाची पैज फेडली कोणी? सोबत्यांनी त्याच्या पत्नीला जाळण्याची धमकी देऊन उत्तर मिळवले. शमशोनाने अष्कलोनात तीस माणसे मारून त्यांची वस्त्रे आणून दिली. त्या तिसांनी कोणतीही अट मान्य केली नव्हती. आज मुलांच्या फीचे पैसे मोबाइलवरील पैजेत जातात, तेव्हा त्या मुलांची संमती कोण घेतो?

भारतीय करार कायदा, 1872 याचे कलम 30 पैजेचा करार रद्दबातल ठरवते. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदाही केला. कायदा हात अडवतो; हृदय पालटणे त्याच्याने होत नाही.

वधस्तंभाखाली शिपाई प्रभूच्या झग्यासाठी चिठ्ठ्या टाकत होते. त्याच घटकेस प्रभू आपल्या रक्ताने नवा करार करीत होता. त्यात हानी त्याची आणि लाभ आपला. अशा प्रभूचे आपण आहोत. म्हणून जो कोणी या जाळ्यात सापडला असेल त्याने शमशोनासारखे गुपित राखू नये. आजच घरच्यांना सांगावे. आणि ऐकणाऱ्याने धोंडा उचलू नये, हात पुढे करावा. आमेन.